मल्टी-पंप एअर गनची जुळणी: दहा पंपांचं काम सात पंपांत

४ मार्च

बंदूक ४.५ मिमीच्या छर्ऱ्याची, लिव्हर मारून हवा भरायची, जास्तीत जास्त १० पंप. बरीच वर्षं वापरातली. तक्रार एकच आहे. पंप मोजून तेवढेच मारले, नेम तोच धरला, तरी छर्रा एकदा वर लागतो आणि एकदा खाली. डावी-उजवीकडे फारसा फरक नाही, फरक उभाच आहे. म्हणजे दोष हाताचा नसून छर्ऱ्याचा वेग बदलत असावा, असा माझा अंदाज.

करायच्या गोष्टी दोन. पहिली, तेवढेच पंप मारले की दहा बारांचा वेग ३-४ मी./से. च्या आत यावा. दुसरी, आज दहा पंपांत मिळणारा वेग कमी पंपांत मिळावा, कारण शेवटचे तीन पंप मारताना हात थरथरतो आणि मग नेम धरायचा कसा? बंदुकीची ताकद वाढवायची नाही. ताकदीच्या मागे लागलेली कामं बहुतेक तुटक्या पिनांवर संपतात असं मी पाहिलंय, शिवाय बऱ्याच ठिकाणी एअर गनच्या ऊर्जेवर कायद्याची मर्यादा असते.

स्वतःला घालून घेतलेले नियम: मोजणी छर्रे अडवणाऱ्या सापळ्याकडे तोंड करूनच आणि चष्मा लावून. हवा भरलेली असताना एकही पिन काढायची नाही. आणि एका वेळी एकच बदल. हा शेवटचा नियम मी पुढे दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा पुन्हा मागे जाऊन मोजत बसावं लागलं.

५ मार्च

पहिली मोजणी पूर्ण वाया गेली. वेग मोजायचं यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ, घरातल्या एलईडी दिव्याखाली ठेवलं होतं. सुरुवातीला आकडे खरेच वाटत होते. पण मध्येच ३१०, मध्येच ४८, आणि एकदा तर बार न करताच आकडा उमटला. ४० छर्रे आणि अख्खी संध्याकाळ गेली. विजेवरचे दिवे डोळ्यांना स्थिर दिसले तरी बरेचसे भरभर लुकलुकत असतात, आणि यंत्राच्या सेन्सरला छर्ऱ्याची सावली व दिव्याची उघडझाप यांतला फरक कळत नाही. यंत्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात ठेवलं, नळीच्या तोंडापासून हातभर पुढे. आकडे ताळ्यावर आले.

६ मार्च

आता खरी सुरुवात. छर्रा ०.५१ ग्रॅमचा. प्रत्येक पंपसंख्येला दहा बार, त्यांची सरासरी अशी:

३ पंप: १०४ मी./से.
५ पंप: १३१
७ पंप: १४८
१० पंप: १६३

पाच पंपांना सर्वांत कमी १२१, सर्वांत जास्त १३८. पसारा १७. हवेचा अडथळा धरला नाही तरी एवढ्या फरकाने १० मीटरवर छर्रा सुमारे ८ मिमी वरखाली होतो आणि २५ मीटरवर जवळजवळ ५ सेंमी. उभ्या फरकाचं कोडं सुटलं. वेगच बदलतोय.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. तीन पंपांना २.७६ ज्यूल, म्हणजे पंपामागे ०.९२. दहा पंपांना ६.७८ ज्यूल, म्हणजे पंपामागे ०.६८. मेहनत मात्र उलटी वाढते. तिसरा पंप एका हाताने होतो, दहाव्याला बंदूक मांडीवर दाबून धरावी लागते. ही हवा जाते कुठे?

८ मार्च

माझा पहिला संशय गळतीवर. पाच पंप मारून लगेच बार केला तर १३१, दहा मिनिटं थांबून केला तर ११९, तासाभराने ७८. गळती आहे हे नक्की, पण कुठून?

नळीच्या तोंडाला मऊ रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. बंदुकीत छर्रा नाही, सेफ्टी लावलेली, तोंड सापळ्याकडे. मग पाच पंप मारून ग्लासाकडे पाहत बसलो. मिनिटाला १४ बुडबुडे, एकसारख्या अंतराने. म्हणजे बार करताना जी झडप उघडते ती बाहेरची झडप नीट बसत नाहीये. आतली, पंपाकडची झडप गळत असती तर हवा पिस्टनकडे परतून लिव्हर आपोआप सैल उघडली असती. तसं काही नव्हतं.

ही परीक्षा फुकटची आणि पाच मिनिटांची आहे. बंदूक उघडण्याआधी करावीच, नाहीतर चांगल्या झडपेशी खेळत दोन दिवस जातात.

११ मार्च

बंदूक उघडली. आधी रिकामाच बार करून हवा पूर्ण काढली, पुन्हा कॉक करून, म्हणजे बारासाठी सज्ज करून, पुन्हा बार केला. पिना निघतील त्या क्रमाने एका ट्रेमध्ये ओळीने मांडल्या आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला.

पंपाच्या नळीत तपकिरी चिकट थर होता, जुन्या तेलाचा. पिस्टनमागची फेल्टची चकती कोरडी ठणठणीत. ती तेल धरून ठेवते आणि प्रत्येक पंपाला नळीला थोडं थोडं पुसत जाते. ती सुकली की रबर कोरडं घासतं.

झडपेचं तोंड भिंगाखाली पाहिलं. पितळी बैठकीवर ओरखडा नव्हता. पण झडपेच्या मऊ प्लास्टिकच्या तोंडात पितळेचा एक बारीक कण रुतला होता, मिठाच्या दाण्याच्याही निम्मा. त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी खाच. चौदा बुडबुडे येत होते ते इथूनच.

१२ मार्च

इथे मोठी चूक केली. झडपेची दांडी ड्रिल मशीनमध्ये धरली आणि फिरत्या तोंडावर पॉलिश पेपर लावला. दहा सेकंदांत चकाकी आली आणि मला वाटलं काम झालं. जोडून पाहिलं तर बुडबुड्यांची धारच लागली. मशीनमध्ये दांडी किंचित डगमगत होती. त्यामुळे तोंड सपाट न होता एका बाजूला कललं होतं, आणि कडेचं प्लास्टिक तापून वर आलं होतं.

१३ मार्च

दुरुस्ती हाताने केली. जाड काचेवर १५०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर पाण्याचे चार थेंब. दांडी सरळ उभी राहावी म्हणून तिच्या मापाचं भोक पाडलेला लाकडी ठोकळा घेतला. झडप ठोकळ्यातून धरून पेपरवर आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, दर वीस फेऱ्यांनी पाव वळसा द्यायचा. तोंडावर काळ्या मार्करने रेघा मारल्या होत्या. त्या सगळीकडून एकदम पुसल्या जाईपर्यंत फिरवत राहिलो. दीड तास लागला. शेवटी स्वच्छ धुऊन, बैठकीवर ठेवून बोटाने घट्ट दाबली. पितळेच्या कडेचा पूर्ण गोल ठसा प्लास्टिकवर उमटला, कुठेही न तुटलेला. तो ठसा पाहून जे समाधान वाटलं ते या सगळ्या कामात पुन्हा फार कमी वेळा मिळालं.

दहा मिनिटांत एकही बुडबुडा नाही.

१४ ते १८ मार्च

पिस्टनच्या रबराजागी माझ्याकडची लाल रंगाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसवली होती. माप अगदी बरोबर, मऊ, छान बसली. वर सिलिकॉन तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी लिव्हर जड झाली, तिसऱ्या दिवशी पिस्टन नळीत अडकला. काढून पाहिलं तर ओ-रिंग फुगून खाचेबाहेर आलेली. ती ओ-रिंगही सिलिकॉनचीच होती, आणि सिलिकॉनचं रबर सिलिकॉनच्या तेलात फुगतं. काळी नायट्राइल रबराची ओ-रिंग घातली, तेल तेच ठेवलं, तक्रार संपली. चार दिवस मात्र गेले.

तेलाबद्दल इथेच लिहून ठेवतो. साधं खनिज तेल किंवा गंज सोडवायचे स्प्रे दाबाच्या जागी घालू नयेत. हवा दाबली की तापते, आणि तेलाचा फवारा त्या उष्णतेने आतच पेट घेऊ शकतो. तेव्हा सिलिकॉन तेल, तेही फेल्टवर चार-पाच थेंब, एवढंच.

२० मार्च

गळती बंद, रबर नवं, तेल ठीक. मोठ्या अपेक्षेने यंत्र लावलं. पाच पंप, दहा बार: सरासरी १३१, सर्वांत कमी १२४, सर्वांत जास्त १३९. पसारा १५.

दोन आठवड्यांच्या कामाने १७ चे १५ झाले.

२१, २२ मार्च

पुन्हा गळतीच शोधत बसलो. कारण पाच पंप मारून तासभर थांबून बार केला तर आकडा १२७ आला, लगेच केलेल्या बारांपेक्षा ४ ने कमी. म्हणजे अजून कुठेतरी बारीक गळती आहे असं मी धरून चाललो. आतली झडप उघडली, साफ केली, पुन्हा लावली. फरक शून्य. बोल्टची, म्हणजे छर्रा आत ढकलणाऱ्या दांडीची, ओ-रिंग बदलली. फरक शून्य. सगळे सांधे पाण्यात तपासले, बुडबुडा नाही.

दुसऱ्या रात्री वहीतले आकडे ओळीने लिहिले तेव्हा चूक दिसली. एक मिनिट थांबून: १२७. दहा मिनिटं: १२७. एक तास: १२७. गळती असती तर आकडा वेळेबरोबर उतरत गेला असता. इथे तो पहिल्याच मिनिटात उतरतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे हवा कमी होतच नाही, गरम हवा थंड होते. पंप मारताना हवा तापते, तापलेल्या हवेचा दाब जास्त असतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे भरलेली हवा साठते त्या भागाचा, पितळी डबा ती उष्णता पिऊन घेतो आणि दाब खाली येतो.

मग दोन बारांमधला वेग तरी सारखा कसा येणार? कधी पंप मारल्याबरोबर बार करतो, कधी छर्रा हातातून निसटतो म्हणून अर्धं मिनिट जातं. मी सगळा दोष बंदुकीत शोधत होतो. त्यातला बराचसा माझ्या पंप मारण्यात होता.

२४ मार्च

या दिवसाची मोजणी या सगळ्या वहीत मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. तिन्ही वेळा पाच पंप, तिन्ही वेळा दहा बार, छर्रे एकाच डब्यातले.

पहिल्या खेपेला नेहमीसारखे भरभर पंप मारले, पाच सेकंदांत पाच, आणि लगेच बार. सरासरी १३१, पसारा १५.

दुसऱ्या खेपेला लिव्हर शेवटपर्यंत उघडायची, तिथे एक सेकंद थांबायचं, मग एका दमात मिटायची. बार लगेच. सरासरी १३६, पसारा ९. इथे मला नवीन गोष्ट कळली. या बंदुकीत पंपाच्या नळीत हवा एका छोट्या छिद्रातून येते, आणि पिस्टन अगदी मागे गेल्यावरच ते छिद्र उघडं पडतं. तोवर पुढे नुसती पोकळी ओढली जात असते. कान देऊन ऐकलं तर लिव्हरच्या शेवटच्या बोटभर अंतरात बारीक ‘फुस्स’ ऐकू येतं, ती हवा आत शिरतानाचा आवाज. घाईत मी तो आवाज पुरा होण्याआधीच लिव्हर परत फिरवत होतो. पाचातले दोन-तीन पंप अर्धेपोटीच होत होते. किती अर्धे, ते दर वेळी वेगळं.

तिसऱ्या खेपेला दुसऱ्यासारखेच पंप, पण शेवटच्या पंपानंतर वीस आकडे मोजून बार. सरासरी १३२, सर्वांत कमी १२९, सर्वांत जास्त १३४. पसारा ५.

एकही सुटा भाग न बदलता १५ वरून ५. ज्यांना बंदूक उघडायची नसेल त्यांनी इथवर केलं तरी पुरेसं आहे. ‘उघड, थांब, मिट’ असं मनात म्हणत पंप मारायचे आणि शेवटी ठरावीक वेळ थांबायचं. या दिवसानंतरच्या सगळ्या मोजण्या मी याच पद्धतीने केल्या. याआधीची पंपसंख्यांची सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. दहा पंपांना १६४ आले.

२९ मार्च

आता दुसरा प्रश्न, दहा पंपांची मेहनत वाया कुठे जाते?

एक खूण आधीपासून समोर होती. आठव्या पंपानंतर लिव्हर मिटून सोडली की ती स्वतःहून हातात उसळी घेते. मी ते जोरकस बंदुकीचं लक्षण समजत होतो. प्रत्यक्षात ती व्हॉल्व्हमध्ये न गेलेली हवा आहे. पिस्टनचं तोंड आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट राहते, दाबलेली हवा त्या फटीत अडकते आणि लिव्हर उघडताना पिस्टनला मागे ढकलते.

फट मोजायला खेळण्यातल्या क्लेची मसुराएवढी गोळी पिस्टनच्या तोंडावर चिकटवली, लिव्हर हळूच मिटली, उघडली, आणि चपटी झालेली गोळी व्हर्निअरने मोजली. १.२ मिमी. तीनदा केलं, तीनदा तेच.

१.२ मिमी ऐकायला काहीच नाही. पण हिशोब करून पाहिला. पंपाच्या नळीचा आतला व्यास १८ मिमी, पिस्टनची चाल ९० मिमी. एका पंपात साधारण २३ सीसी हवा. १८ मिमीच्या वर्तुळावर १.२ मिमीची फट म्हणजे ०.३ सीसी. माझा व्हॉल्व्ह सुमारे ३ सीसीचा. या मापांवरून दहाव्या पंपाला आतला दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपटीच्या थोडा खाली येतो. तेव्हा त्या ०.३ सीसीच्या फटीत बाहेरची १४ सीसी हवा दाबून बसलेली असते. २३ मधली १४ फटीतच राहिली, व्हॉल्व्हमध्ये गेली फक्त ९. दहाव्या पंपाची निम्म्याहून जास्त मेहनत लिव्हरच्या उसळीत परत मिळत होती.

२ एप्रिल

लेथवर काम करणाऱ्या मित्राकडे गेलो. सपाट तोंडाचा, ऍसिटल प्लास्टिकचा पिस्टन हवा होता, ओ-रिंगची खाच शक्य तितकी पुढे, आणि मागे आटे, म्हणजे लांबी कमीजास्त करता येईल. तो म्हणाला, “अरे, मला माप नको देऊस, जुना पिस्टन आणि नळीच आणून दे.” मला घाई होती. मी कागदावरचं मापच दिलं.

माझ्या बंदुकीत व्हॉल्व्हचं तोंड सपाट आहे म्हणून पिस्टन सपाट चालला. ज्यांच्यात ते खोलगट असेल त्यांनी पिस्टनचं तोंड त्यात नेमकं बसेल असं फुगीर करावं, नाहीतर फट कमी होण्याऐवजी वाढेल.

६ एप्रिल

पिस्टन आला, बसवला. लिव्हर मिटायला बोटभर अंतर राहिलं. वाटलं नवीन आहे, बसेल जागेवर. दोन्ही हातांनी दाबली. टक् असा आवाज आला आणि लिव्हर तिरकी झाली. सांध्याची ४ मिमीची पिन वाकली होती.

पिस्टन ०.४ मिमी लांब होता. लिव्हरच्या शेवटच्या टप्प्यात हाताचा जोर कित्येक पटींनी वाढून पिस्टनवर येतो, त्यामुळे शेवटचं बोटभर अंतर मिटेना झालं तर तिथे जोर लावूच नये. आटे फिरवून लांबी कमी करणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी पिन ठोकून काढायला एक संध्याकाळ आणि नवी बनवायला आठवडा गेला. नवी पिन तुटक्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यातून कापली. बाजारी खिळ्यांपेक्षा ते पोलाद कितीतरी चिवट.

१४ एप्रिल

आता क्लेची गोळी ठेवून, आटे पाव-पाव वळसा फिरवत पिस्टन पुढे आणला. गोळी कागदाएवढी पातळ झाली आणि लिव्हर शेवटाला हलकासा दाब देऊन मिटू लागली, तिथे थांबलो. फट साधारण ०.३ ते ०.४ मिमी. आट्यांवर पेंट लावून पक्कं केलं.

वीस पंपांत नव्या ओ-रिंगचा एका बाजूला तुकडा पडला. दुसरी घातली, तीही तशीच कापली. पंपाच्या नळीत बोट घालून पाहिलं तर हवेच्या त्या छिद्राची आतली कड सुरीसारखी धारदार. जुन्या पिस्टनवरच्या ओ-रिंगला ती लागत नव्हती. नव्या पिस्टनवरची मात्र प्रत्येक पंपाला त्या कडेवरून घासत जाते. काठीला ६०० चा पॉलिश पेपर गुंडाळून कड गोल केली. कापसाचा बोळा छिद्रावरून फिरवला आणि एकही तंतू अडकला नाही तेव्हा थांबलो. नंतर नळी तीनदा पुसली, कारण पितळेच्या एका कणाने काय केलं होतं ते मी विसरलो नव्हतो. तिसरी ओ-रिंग अजून शाबूत आहे.

१६ एप्रिल

पाच पंप: १४२. सात पंप: १६३. दहा पंप: १७९.

म्हणजे जुन्या दहाचा वेग आता सातात. सात पंपांना ६.७८ ज्यूल, पंपामागे ०.९७. लिव्हरची उसळी जवळजवळ गेली. सातवा पंप मारून हात स्थिर राहतो, आणि मला हवं होतं ते हेच.

दहा पंपांचा आकडा मी तीनदाच घेतला आणि पुन्हा घेणार नाही. बंदूक बनवणाऱ्याने १० ची मर्यादा घातली तेव्हा ती मोठी फट धरून घातली. फट कमी केल्यावर त्याच दहा पंपांत दाब बराच वाढतो. लिव्हर, पिना, व्हॉल्व्ह सगळ्यांवर तो भार येतो. फट भरून काढणाऱ्या प्रत्येकाने आपली पंपांची मर्यादाही खाली आणली पाहिजे. माझी आता सात.

१८ ते २३ एप्रिल

दहा पंपांच्या त्या तीन बारांनंतर, छर्रा न घालता पुन्हा कॉक करून बार केला तर बारीक ‘पट्’ आवाज येत होता. थोडी हवा आतच राहतेय. दाब जास्त झाला की तोच झडपेला लवकर मिटवतो, हॅमरचा, म्हणजे चाप ओढल्यावर झडपेवर आदळणाऱ्या तुकड्याचा, ठोका तिला पुरेसा वेळ उघडी ठेवू शकत नाही. आठ पंपांनाही क्वचित तसं होई. तेवढी उरलेली हवा पुढच्या बारात मिसळली की वेग ४ मी./से. पर्यंत वाढतो, आणि आपण म्हणतो पंप तर तेवढेच मारले!

हॅमरची स्प्रिंग जड घालून पाहिली. उरलेली हवा गेली. पण कॉक करणं जड झालं, चाप जड झाला, ठोक्याने बंदूक हातात हलू लागली, आणि पाच-सात पंपांच्या वेगात काहीच फरक नाही. १० मीटरवर छिद्रांचा गट उलट मोठा झाला. याच दिवसांत छर्रा जातो त्या नळीचे स्क्रूही आवळले होते, म्हणजे एकदम दोन बदल. कशाने काय झालं हे कळायला सगळं परत उलटं करावं लागलं. जुनी स्प्रिंग परत घातली. सातच पंप मारायचे तर हवा उरतच नाही, मग तो प्रश्नच कशाला सोडवायचा?

स्क्रूंचा फायदा मात्र खरा होता. नळीचं हवेचं छिद्र आणि खालच्या व्हॉल्व्हचं छिद्र यांत अर्ध्या मिमीचा सरक आला होता. ते एका रेषेत आणून आवळल्यावर वेग १ मी./से. ने वाढला आणि पसारा थोडा आवळला गेला.

२७ एप्रिल

छर्रे. एका डब्यातले शंभर तोलले: ०.५० ते ०.५२ ग्रॅम. ऊर्जा तीच राहिली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ३ मी./से. चा फरक नुसत्या वजनाने पडतो. पसारा १५ असताना हे दिसलंच नसतं, आता दिसतं. वजनाने वेगळे केले, कड चेपलेले बाजूला काढले. शंभरात अकरा निघाले.

३० एप्रिल

सात पंप, ‘उघड, थांब, मिट’, वीस आकडे मोजून बार, तोललेले छर्रे. दहा बार: सर्वांत कमी १६३, सर्वांत जास्त १६६. सरासरी १६४, पसारा ३.

१० मीटरवर टेकून मारलेले दहा बार, छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत: पहिल्या आठवड्यात २८ मिमी, आज १३. आणि उभी लांबट रांग जाऊन गोल गट आला.

२१ मे

तीन आठवडे बंदूक एक पंप भरून ठेवली होती, म्हणजे झडपा बैठकीवर दाबून राहतात आणि धूळ शिरत नाही. आज बार करून पाहिलं तर तेवढी हवा तशीच होती. ठेवताना छर्रा घालायचा नाही, आणि आत हवा आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं.

आतापर्यंत नव्या पिस्टनवर सुमारे ४०० बार झाले. फेल्टवर दोनदा तेल. पाच पंपांचा आकडा १४२ चा १४३ झालाय, तो स्क्रूंमुळे. ड्रिल बिटची पिन सरळ आहे, पण तिच्या भोवतीचं लिव्हरचं भोक किंचित लांबट झालंय. पुढच्या वेळी तिथे पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळकांडी, घालायचा विचार आहे, आणि या वेळी मित्राकडे लिव्हरच घेऊन जाणार.